मामाची जुनी स्ट्रॅटोकास्टर: नवा रंग द्यावा का? (जाणकारांची मदत हवी)

मुक्ता_कोथरूड

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना पुन्हा पुन्हा विचारावं लागणार नाही.

माझा मोठा मामा मर्चंट नेव्हीत रेडिओ ऑफिसर होता. सत्तरच्या दशकात बोट कॅलिफोर्नियात लाँग बीचला लागली असताना त्यानं तिथे एक सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार घेतली, फेंडर स्ट्रॅटोकास्टर. पुढे बोट सोडून तो गिरगावात स्थिरावला आणि ऑर्केस्ट्रात वाजवू लागला. गणपती, नवरात्र, लग्नाची रिसेप्शनं, असं बरीच वर्षं चाललं. गेल्या वर्षी मामा गेला. घरात वाजवणारी मी एकटीच, म्हणून मामीनं गिटार माझ्याकडे दिली. मी ॲकॉस्टिकवर शिकले आहे, इलेक्ट्रिकचा अनुभव जेमतेम.

गिटारीची अवस्था अशी: वरच्या बाजूला जिथे हात टेकतो तिथला रंग पार उडालाय, आतलं लाकूड दिसतं. बाकीच्या रंगावर बारीक तडे आहेत, जुन्या कपबशीवर असतात तसे. नेकच्या, म्हणजे गिटारीच्या मानेच्या मागचं पॉलिश अर्धं गेलंय. स्क्रूंवर हिरवट गंज. मधला पिकअप (तारांचा आवाज पकडणारा चुंबकांचा भाग) आवाजच देत नाही. व्हॉल्यूम फिरवला की खरखर होते. तिसऱ्या-चौथ्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) काही स्वर झणझणतात.

एका दुकानात दाखवली. ते म्हणाले, पूर्ण खरवडून पीयू (पॉलियुरेथेन) मारू, पिकअप आणि वायरिंग नवीन टाकू, शोरूममधून आणल्यासारखी करून देतो. बाबांचंही तेच मत, एवढी चांगली वस्तू अशी कळकट का ठेवायची? माझं मात्र मन होत नाहीये. पण मन होत नाही हे काही कारण झालं नाही, म्हणून विचारते. रंग द्यावा का? नसेल द्यायचा तर काय करावं आणि कशाला हात लावू नये? साल कसं ओळखायचं? विकायची नाही, वाजवायची आहे.

लोअरपरळ_ब्लूज

रंगाला हात लावू देऊ नका! त्या दुकानात परत जायच्या आधी इथे फोटो टाका. पुढून, मागून, नेकची मागची बाजू, हेडस्टॉक (खुंट्या असतात तो माथा), आणि मागच्या लोखंडी पट्टीवरचा नंबर. बाकीचं तारयंत्र सांगतील, ते अमेरिकेत आहेत आणि या विषयात मुरलेले आहेत.

मुक्ता_कोथरूड

फोटो टाकलेत, एकूण नऊ. मागच्या पट्टीवर नंबराखाली मोठा इंग्रजी एफ कोरलेला आहे. मागचं प्लास्टिकचं झाकण नाहीये, आत पाच स्प्रिंगा आणि लाकडाचा एक तुकडा ठोकून बसवलेला दिसतोय. तो आधीपासूनचा की कोणी घातला ते माहीत नाही. ब्रिजला (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग) स्वर हलवायला जो दांडा असतो तो नाही.

तारयंत्र (सॅन होजे)

मुक्ताताई, काल रात्री फोटो पाहिले आणि आज दुपारच्या सुट्टीत पुन्हा मोठे करून पाहिले. फार सुंदर वाद्य आहे. मामांविषयी वाचून वाईट वाटलं.

आधी सालाचं बघू. मोठा हेडस्टॉक १९६५ च्या शेवटापासून आला आणि एफ कोरलेली पट्टीही त्याच सुमाराची. सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीनं फेंडर कंपनी जानेवारी १९६५ मध्ये विकत घेतली, त्यानंतरची ही गिटार. लोगो सोनेरी अक्षरांचा आणि काळ्या किनारीचा आहे, म्हणजे १९६८ च्या आधीची. नेमकं साल हवं असेल तर दोन जागा आहेत. नेकच्या टाचेवर, म्हणजे जो भाग बॉडीच्या खोबणीत बसतो तिथे, शिक्का असतो. सुरुवातीला १३ हा आकडा दिसला तर ती स्ट्रॅटची नेक, पुढे महिना आणि साल, शेवटचं अक्षर नटची, म्हणजे माथ्याजवळच्या खाचांच्या पट्टीची रुंदी सांगतं. दुसरी जागा पॉटची, म्हणजे फिरवायच्या बटणांखाली जो भाग असतो त्याची. पिकगार्ड (पुढची प्लास्टिकची पाटी) उचललं की व्हॉल्यूम-टोनच्या पॉटच्या पाठीवर आकडे असतात. १३७ नं सुरू होत असतील तर ते सीटीएस कंपनीचे, त्यापुढचे दोन आकडे साल आणि शेवटचे दोन आठवडा. मात्र पॉटवरच्या १९६६ वर फार विसंबू नका. फेंडरनं त्या वर्षी पॉटचा प्रचंड साठा घेऊन ठेवला होता, त्यामुळे १९६९ पर्यंतच्या गिटारींत ६६ चे पॉट सापडतात. पॉट एवढंच सांगतो की गिटार त्याच्या आधीची नाही. नेकचा शिक्का जास्त भरवशाचा.

आता रंग. तो काढायचा नाही. कारण सांगतो, म्हणजे बाबांनाही सांगता येईल.

पैशाचा हिशेब आधी उरकतो. जुन्या फेंडरचा मूळ रंग काढून नवा दिला की बाजारात तिची किंमत जवळपास निम्मी होते. तुम्हाला विकायची नाही, तरी घरच्यांना हा हिशेब लवकर पटतो.

पण माझं खरं कारण वेगळं आहे. तुमच्या फोटोंतून मला मामा वाजवताना दिसतात, आणि हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. एकेक बघा.

गिटारीची पाठ बघा, पाचवा फोटो. उभं राहून वाजवणाऱ्याच्या गिटारीच्या पाठीवर पट्ट्याच्या बकलचे ओरखडे मधोमध पडतात, कधीकधी तळहाताएवढा भाग पार खरवडलेला असतो. तुमच्या गिटारीची पाठ जवळजवळ साफ आहे. उलट खालच्या कडेला, कमरेसारखा जो बाक असतो तिथे, रंगाची चमक जाऊन तो मऊ झालाय आणि एका जागी पिवळा थर दिसायला लागलाय. तो भाग उजव्या मांडीवर टेकतो. मामा बसून वाजवायचे. ऑर्केस्ट्रातले वादक खुर्चीवरच बसत असणार, पण हा झिजवटा कार्यक्रमापेक्षा घरच्या रियाझाचा जास्त वाटतो, कारण तो फार खोल आहे.

नेकच्या मागचं लॅकर पहिल्या फ्रेटपासून साधारण सातव्यापर्यंत गेलंय आणि तिथलं मेपल हाताच्या तेलानं करडं-तपकिरी झालंय. बाराव्याच्या पुढे मात्र नवं असल्यासारखं चकचकीत आहे. आता फ्रेट बघा. पहिल्या तीन फ्रेटवर सगळ्या तारांखाली खळगे आहेत, ती उघड्या कॉर्डची झीज. पाचव्यापासून आठव्यापर्यंत मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेखालीच फ्रेट चपटे झालेत, आणि तेही आडवे, रुंद. तार नुसती दाबली तर खळगा अरुंद पडतो. तार बाजूला ओढली, मींड घेतली, तर तो असा आडवा पसरतो. म्हणजे मामा कॉर्ड धरण्यापुरते बसत नव्हते, गाण्यांच्या मधले तुकडे वाजवत होते, आणि गळ्यातून यावेत तसे स्वर ओढत होते. आठव्याच्या वर त्यांना फारसं काम नव्हतं.

आणि तो लाकडाचा तुकडा! तो कंपनीचा नाही. स्ट्रॅटचा ब्रिज स्प्रिंगांवर तरंगतो. त्यामुळे एक तार तुटली की ताण कमी होतो, ब्रिज मागे झुकतो आणि उरलेल्या पाचही तारा बेसूर होतात. स्टेजवर गाणं चालू असताना असं झालं तर वादकाची पंचाईत. म्हणून ब्रिजचा ठोकळा आणि बॉडी यांच्यामध्ये लाकूड ठोकून तो घट्ट करतात. फोटो मोठा करून बघितला तर त्या तुकड्याच्या एका कडेला कानशीचे माग दिसतात, आणि दुसरी कड किंचित उतरती केली आहे म्हणजे आत सरकवताना तो आवळत जाईल. हे काम घाईत केलेलं नाही. रेडिओ ऑफिसर होते म्हणालात, हात तसाच होता. तो तुकडा काढू नका. दांडा नसण्याचं कारणही तेच, ब्रिज घट्ट केल्यावर त्याचा उपयोग नाही.

हेडस्टॉकवर जाड तारेच्या टोकाजवळ काळा लांबट डाग आहे तो पेटत्या सिगरेटचा. तारेच्या टोकात सिगरेट खोचून ठेवायची पद्धत होती. मामा ओढत होते का?

आता सांगा, दुकानदार पीयू मारणार म्हणजे आधी पॉलिशपेपर फिरवणार. यातलं काय उरेल?

तडे गेलेत ते बिघाड समजू नका. त्या काळी फेंडर लॅकर मारायचे. लाकूड हवेप्रमाणे फुगतं-आकसतं, लॅकरचा थर वर्षं जातील तसा कडक होतो, आणि लाकडाच्या हालचालीबरोबर तो जाऊ शकत नाही म्हणून तडकतो. लॅकर पातळ असतं, म्हणूनच ते हातानं झिजतं. पुढे १९६८ च्या सुमारास फेंडरनं जाड पॉलिएस्टरचा थर द्यायला सुरुवात केली. त्या गिटारी झिजत नाहीत, टवके उडतात. तुमच्या गिटारीच्या कडेला बघा, काळ्यापासून लाल, लालपासून पिवळा आणि मग उघडं लाकूड, असे थर नकाशावरच्या उंचीच्या रेषांसारखे उतरत गेलेत. लाल रंग अजून शाबूत आहे तेही चांगलं. १९५९-६० च्या कितीतरी गिटारींतला लाल उन्हानं उडून गेला, त्यानंतर त्यांनी रंग बदलला.

अशा झिजेला लोक किती मानतात याचं एकच उदाहरण देतो. आयर्लंडचा गिटारवादक रोरी गॅलघर १९६१ ची स्ट्रॅट वाजवायचा, त्यानं ती १९६३ मध्ये कॉर्कमधल्या दुकानातून सेकंडहँड घेतली होती, शंभर पौंडांना. घामानं आणि वाजवण्यानं तिचा रंग जवळजवळ सगळा गेला. २०२४ मध्ये लंडनला तिचा लिलाव झाला आणि आता ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयासाठी घेतली गेली आहे. कोणाच्याही मनात तिला रंग द्यायचं आलं नाही. आणि खुद्द फेंडर कंपनी १९९५ पासून मुद्दाम झिजवलेल्या नव्या गिटारी जास्त पैसे घेऊन विकते. मला त्या आवडत नाहीत. वाईट वाजतात म्हणून नव्हे, काही फार छान वाजतात. पण त्यावरची झीज कोणाच्याच हाताची नसते. पाठीवर बकलचे ओरखडे आणि फ्रेट कोरे करकरीत, असं बघितलं की मला खटकतं.

माझ्याकडे १९६७ ची टेलिकास्टर (फेंडरचीच दुसरी गिटार) आहे, बेकर्सफील्डच्या एका वयस्कर गृहस्थांकडून घेतलेली. तिकडे बक ओवेन्स आणि डॉन रिच या कंट्री संगीतातल्या कलाकारांमुळे टेलिकास्टर घरोघरी होती. त्या गृहस्थांनी ती चर्चमध्ये आणि बारमध्ये उभं राहून वाजवली, त्यामुळे माझ्या गिटारीची झीज तुमच्या अगदी उलटी आहे. मी सुरुवातीला तिच्या नेकवर वेगळ्या ठिकाणी अंगठा ठेवायचो. हळूहळू अंगठा त्यांच्या घासलेल्या जागी जाऊ लागला, कारण तिथे हात खरोखरच सुखावतो. नेकची कड गोलावलेली असते, लाकूड कोरडं आणि रेशमी असतं, घाम आला तरी चिकटत नाही. तुमच्या मनात रंग द्यायचं येत नाहीये त्यामागे हे असावं, हाताला ते आधी कळतं.

मधल्या पिकअपबद्दल. फेंडर पिकअपमध्ये तांब्याची केसासारखी बारीक तार थेट चुंबकांच्या दांड्यांभोवती गुंडाळलेली असते. दमट हवेत चुंबक गंजतात आणि आतले वेढे खातात. मुंबईत एवढी वर्षं राहिल्यावर एकच पिकअप गेला हे नशीब म्हणायचं. मल्टिमीटर लावून रेझिस्टन्स बघा. साडेपाच ते साडेसहा किलोओहमच्या आसपास आला तर पिकअप जिवंत आहे, दोष वायरीत किंवा स्विचमध्ये. काहीच आलं नाही तर तार तुटली आहे आणि पिकअप रिवाइंड करावा लागेल, म्हणजे तार नव्यानं गुंडाळावी लागेल. मूळ चुंबक आणि पाट्या तशाच ठेवून रिवाइंड होतो. काहीही झालं तरी तो फेकू देऊ नका. खालच्या पाटीवर तारीख मिळेल. त्या काळी फेंडरच्या फुलर्टनच्या (कॅलिफोर्निया) कारखान्यात हे काम मुख्यतः बायका करायच्या; अबिगेल इबारा १९५६ पासून तिथे पिकअप गुंडाळत होत्या आणि त्यांच्या हातचे पिकअप आज लोक शोधत फिरतात.

आणि हो, फुलर्टन ते लाँग बीच अंतर तीसेक किलोमीटर असेल. गिटार जन्मली तिथून फार लांब न जाता मामांना भेटली, आणि मग मात्र थेट गिरगावात.

लोअरपरळ_ब्लूज

तारयंत्र, काय लिहिलंय! ब्रिजमधल्या लाकडाच्या तुकड्यावरून माणूस ओळखलात.

एका बाबतीत मात्र माझं मत वेगळं आहे. रंग ठेवा, पूर्ण मान्य. पण वाजवायची असेल तर फ्रेट सगळे बदलावेच लागतील आणि त्याच वेळी फिंगरबोर्ड (नेकची फ्रेट असलेली पुढची बाजू) थोडा सपाट करून घ्यावा. जुन्या फेंडरचा बोर्ड सव्वासात इंचाच्या त्रिज्येचा, फार गोल. तारा खाली ठेवल्या तर वरच्या फ्रेटवर तार ओढताना स्वर गुदमरतो. मी आठवड्यातून तीन-चार कार्यक्रम वाजवतो. जपून ठेवायच्या वस्तूपेक्षा हातात चालणारी वस्तू बरी. नट पण हाडाचा नवा बसवून घ्या.

आणि मुक्ता, हे मत वगैरे नाही, नीट वाचा. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा अर्थिंगला जोडलेल्या असतात. जुन्या घरात किंवा मांडवात अर्थिंग नसेल आणि ॲम्पमध्ये करंट उतरला असेल, तर गिटार हातात धरून माइकला ओठ लावला की झटका बसतो. मला बसलाय, जीभ दिवसभर बधिर होती. घरचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. मामांचा ॲम्प अमेरिकन असेल तर तो ११० व्होल्टचा आणि दोन पिनांचा असणार. तो तसाच लावू नका. आधी तीन पिनांची वायर आणि स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर.

तारयंत्र (सॅन होजे)

अर्थिंगबद्दल शंभर टक्के. ते आधी करा, बाकी सगळं नंतर.

बोर्ड सपाट करण्याला मात्र माझा सक्त विरोध आहे आणि त्याला तांत्रिक कारण आहे. १९६२ च्या मध्यापर्यंत फेंडर नेकवर शिसवीची जाड फळी बसवायचे. त्यानंतर मेपलच्या गोलाव्यावर शिसवीची पातळ वाकवलेली पट्टी चिकटवू लागले. ही १९६६ च्या सुमाराची आहे, म्हणजे पट्टी पातळ. गोल बोर्ड सपाट करायचा म्हणजे मधोमध घासायचं, आणि मधोमध घासलं की पट्टी आणखी पातळ होऊन खालचं मेपल डोकावू शकतं. ते परत भरून येत नाही. पहिल्या-दुसऱ्या तारेखाली शिसवीत नखांनी पडलेल्या बारीक खोबणी आहेत, त्याही जातील.

तार गुदमरते हे खरं. त्यावर उपाय सोपा आहे, तारा जरा उंच ठेवा. मामा आठव्या फ्रेटच्या वर फारसे जात नव्हते, तुम्हीही लगेच जाणार नाही. फ्रेटचं म्हणाल तर मी आधी नुसतं लेव्हलिंग, म्हणजे घासून सगळे एका उंचीला आणणं, करून बघेन. पहिले तीन फारच बसलेत, तेवढे बदलून बाकीचे जुळवून घेता येतील. सगळे बदलायची वेळ आलीच तर मूळच्या मापाचे, आणि बोर्डाचा गोलावा न बदलता. फ्रेट हा झिजून बदलायचाच भाग आहे, त्यात मला काही पाप वाटत नाही. नट आधी बघा, खाचा खोल गेल्या नसतील तर राहू द्या.

नेकचा बाक जुळवायला आत जी सळई असते, तिचा पिळायचा नट या गिटारीत टाचेकडे असतो, म्हणजे ती पिळायची तर नेक काढावीच लागते. त्यामुळे शिक्का बघणं आणि सळई जुळवणं एकाच वेळी करून घ्या. आधी तारा सैल, मग चार स्क्रू. स्क्रूच्या डोक्यात नीट बसणारा पेचकस वापरा.

आणखी एक. फेंडर त्याच सुमारास ब्राझीलच्या शिसवीवरून भारतीय शिसवीवर वळलं. फोटोवरून मी छातीठोक सांगणार नाही. पण उद्या परदेशी जाताना गिटार न्यायची असेल तर हे माहीत असणं गरजेचं आहे: ब्राझीलच्या शिसवीवर १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराची कडक बंधनं आहेत, कागदपत्रं लागतात. भारतीय शिसवीच्या तयार वाद्यांना २०१९ च्या शेवटी सूट मिळाली.

लोअरपरळ_ब्लूज

पातळ पट्टीचं माहीत नव्हतं. मग बोर्ड नको घासायला. पण पूर्ण फ्रेट बदलावेत हे माझं मत कायम.

जयगडचा_दीप

मी रत्नागिरीकडचा, घर खाडीपासून हाकेच्या अंतरावर. माझ्याकडे फेंडर नाही, पण वडिलांची जुनी हवाइयन इलेक्ट्रिक गिटार आणि दोन व्हायोलिनं आहेत. पावसाळ्याबद्दल लिहितो, कारण पुण्यात असलात तरी जून ते सप्टेंबर तोच प्रश्न.

जुन्या पेटीतला मखमली अस्तराचा कप्पा म्हणजे बुरशीचं माहेर. पेटी कपाटात बंद करून ठेवू नका. पावसाळ्यात गिटार खोलीत उघडी, भिंतीपासून दूर, आणि पेटी वेगळी, ऊन पडेल त्या दिवशी बाहेर. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, निळ्याच्या गुलाबी झाल्या की तव्यावर मंद आचेवर सुकवून परत वापरता येतात. वाजवून झालं की तारा सुती फडक्यानं पुसायच्या, प्रत्येक तार वरून आणि खालून. कोकणात नवी तार न पुसता ठेवली तर आठवड्याभरात खरखरीत होते.

रबरी आधाराच्या स्टँडवर ठेवू नका. लॅकर आणि रबर यांचं जमत नाही, रंग मऊ होऊन चिकटतो. स्टँडवर गिटार टेकते त्या जागी सुती कापड गुंडाळा.

तारयंत्र (सॅन होजे)

दीप, रबराचं फार योग्य वेळी लिहिलंत. खांद्यावरच्या प्लास्टिकच्या पट्ट्याचंही तेच, तो काढून न ठेवता गिटारीवर गुंडाळला तर रंगात रुततो.

साफसफाईचंही सांगून टाकतो. सिलिकॉनचं पॉलिश, मोटारीचं वॅक्स, थिनर, यातलं काहीही नको. थिनरनं लॅकर सरळ विरघळतं. किंचित ओलसर सुती फडकं आणि मग कोरडं, एवढं बहुतेक ठिकाणी पुरतं. बोर्डावरचा घट्ट मळ लायटरच्या पेट्रोलचे दोन थेंब फडक्यावर घेऊन निघतो; खिडकी उघडी आणि आसपास गॅस नको. त्यानंतर बोर्डाला थोडं लेमन ऑइल. स्क्रूंवरचा हिरवा थर टूथब्रशनं कोरडाच घासा. स्क्रू बदलू नका. पॉटची खरखर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून आणि वीस-पंचवीस वेळा फिरवून जाते. जुने टाके वितळवायची गरज नाही.

मुक्ता_कोथरूड

सगळ्यांचे मनापासून आभार. तारयंत्र, तुमचा पहिला प्रतिसाद मी मामीला फोनवर वाचून दाखवला. मामा चारमिनार ओढायचा, आणि कधीच उभं राहून वाजवायचा नाही. चाळीच्या गॅलरीत एक लाकडी स्टूल होतं, तेच त्याचं. लाकडाचा तुकडा मामीला आठवतो. खुंटाळ्याची एक खुंटी तुटली होती, त्यातून त्यानं तो कापला. सागवान असणार. मींडेचं ऐकून मामी म्हणाली, तो आधी गाणं शिकायचा, गळा बसल्यावर सोडलं. हे मलाही माहीत नव्हतं.

बाबांनीही पाठीचा फोटो मोठा करून बघितला आणि रंगाचा विषय स्वतःहून सोडला.

ॲकॉस्टिक गिटारी बनवणारे एक जण ओळखीचे निघाले, त्यांच्या देखत काल नेक काढली. शिक्का स्वच्छ आहे: १३, मग नोव्हेंबर ६६, शेवटी बी. तीन पॉटपैकी दोन १३७६६ नं सुरू होतात, तिसरा वेगळ्याच कंपनीचा, नंतर बदललेला दिसतो, आणि त्याचे टाके इतके नीटनेटके आहेत की तेही मामाचंच काम असणार. तो तसाच ठेवलाय. नेकमध्ये थोडा बाक होता, सळई पाव आटा फिरवल्यावर झणझण बरीच कमी झाली. फ्रेट सध्या फक्त लेव्हल करून घेणार, पहिले तीन बदलायचे की नाही ते त्यानंतर बघू.

पिकअप मोजले. नेककडचा ५.९, ब्रिजकडचा ६.१. मधल्याला मीटर काहीच दाखवत नाही. एका बाजूनं बघितलं तर चुंबकाच्या बुडाशी तपकिरी डाग दिसतात.

तारयंत्र (सॅन होजे)

नोव्हेंबर ६६! अभिनंदन.

मधल्याची तार आतून तुटली आहे. रिवाइंड करणाऱ्याकडे द्याल तेव्हा हे सांगा: ४२ गेजची तार, साध्या एनॅमलची, वेढे बाकीच्या दोन पिकअपच्या जवळपास रेझिस्टन्स येईल इतके. चुंबक बाहेर काढायचे नाहीत, ठोकून काढताना खालची फायबरची पाटी तडकते. गंज हलक्या हातानं घासून त्यावर लॅकरचा पातळ थर द्यायला सांगा, म्हणजे नवी तार चुंबकाला टेकणार नाही. देण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा, विशेषतः तळाची तारीख, आणि निघालेली जुनी तार परत मागून घ्या.

तोवर बाकीच्या दोन पिकअपवर वाजवत राहा. स्विच तीन जागांचाच असेल. तो नेककडे ठेवा, टोन थोडा कमी करा, आणि पाचव्या फ्रेटवरून तिसरी तार ओढून बघा.